सर्वांचे धडे ऐकणारी

मारिया कॅलास म्हटलं की लोकांना तिचा तारस्वर आठवतो. मला आठवते विद्यार्थिनी. १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, १९३७ मध्ये आईबरोबर अथेन्सला. तिथे एल्विरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेकडे ती शिकली. स्वतःचा धडा संपला तरी दिवसभर बसून इतरांचे ऐकायची!

त्या पायावरच १९४९ मध्ये व्हेनिसला, वाग्नरची भारदस्त ब्रुनहिल्ड गात असतानाच, आजारी गायिकेच्या जागी तिने बेल्लिनीची चपळ तानांची एल्विरा काही दिवसांत बसवली.

आवाज मात्र लवकर थकला. १९६५ च्या 'तोस्का'नंतर ऑपेरा थांबला. १९७१-७२ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये शिकवायला उभी राहिली. १९७७ मध्ये गेली, अवघ्या ५३ व्या वर्षी.

गळा साथ सोडतो. कानांनी कमावलेलं मात्र पुढच्याला देता येतं... आम्हा मास्तरांना एवढं पुरे!