घरभाड्याचा रकाना

सरकारी पाहणीचा माणूस दाराशी आला म्हणजे घरात माणसे किती, वये काय, शिक्षण किती, येथपर्यंत आपण मोकळेपणाने सांगतो. घर स्वतःचे की भाड्याचे, भाडे किती, घराची किंमत काय होईल, हे प्रश्न निघाले की मात्र जीभ जड होते. घरपट्टी वाढेल, शिधापत्रिकेवरचे धान्य बंद होईल, घरमालक रागावेल, अशा शंका मनात येतात. त्या वेडगळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या सरकारने घर मोजले ते बहुधा कर बसविण्यासाठीच. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या पगारपत्रकांवर अधिक झाले. ती पत्रके वाचता वाचता आम्हांस एवढे कळले की, घरभाड्याच्या रकान्यातील आकडा फिरून फिरून मजुराच्या वेतनात उतरतो. तो कसा उतरतो, हे आज सांगावयाचे आहे.

गरजांचा हिशेब आधी आणि मजुरीचा दर मागून, ही गोष्ट नालवाडीस नवी नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले. कातणाऱ्याच्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, हे त्यांनी स्वतः सूत कातून, तास आणि पैसे मोजून पाहिले. पुढे १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांस निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. विनोबांनी एका माणसाचा हिशेब मांडला. हजारो घरांचा मांडावयाचा तर दारोदार विचारावे लागते.

मुंबईच्या गिरणगावात असे विचारणे त्याआधीच सुरू झाले होते. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली आणि संपांची लाट आली. मजूर म्हणत, पगार पुरत नाही. मालक म्हणत, पुरतो. खरे काय ते सांगणारा आकडा कोणापाशीच नव्हता. तेव्हा १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी काढली आणि १९२१-२२ मध्ये मजूर कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली. शंभर रुपये खर्चात सुमारे ५७ रुपये अन्नावर जात होते आणि भाड्यावर ७ रुपये ७० पैशांच्या प्रमाणात खर्च होत होता. भाडे कमी म्हणून मजूर सुखी, असा अर्थ कोणी काढू नये. शंभरांतील ९७ मजूर कुटुंबे एकाच खोलीत राहात होती. भाडे थोडे होते, कारण घरच थोडे होते. १९३२-३३ च्या दुसऱ्या पाहणीत भाड्याचा वाटा शेकडा १२.८ च्या घरात गेला.

या पाहणीवरून १९३३-३४ हे वर्ष पायाभूत धरून मुंबईचा निर्देशांक तयार झाला आणि पुढे गिरणी कामगारांचा महागाई भत्ता त्यावर हलू लागला. कोणत्या खर्चाला किती वजन द्यावयाचे, हे मजुराच्या घरी दिलेल्या उत्तरांनी ठरले. परंतु वजन ठरले तरी त्या त्या खर्चाची वाढ नोंदली गेली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात धान्याचा आकडा भराभर चढला, पण भाड्याचा आकडा १०० वरच बसून राहिला. सरकारने भाडी गोठविली होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानेही सप्टेंबर १९४० चे भाडेच प्रमाण धरले. जुन्या भाडेकरूंस या कायद्याने आसरा दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मात्र नव्याने आलेला मजूर पगडी मोजल्याशिवाय खोलीत पाऊल टाकू शकत नसे, आणि पगडीची पावती कोणी देत नसे. जे पावतीवर नाही ते रकान्यात नाही, आणि जे रकान्यात नाही ते भत्त्यात नाही.

निर्देशांकावरचा कामगारांचा अविश्वास १९६३ साली मुंबईत रस्त्यावर आला. प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. जुनी मालिका नवीस जोडण्याच्या गणितात दुरुस्ती हवी असे समितीने दाखविले आणि भत्ता त्याप्रमाणे वाढला. एका सांध्याच्या आकड्यासाठी हजारो कामगारांना बाहेर पडावे लागले, हे विसरता कामा नये.

आता कोणी विचारील, ज्याचे घर स्वतःचे, त्याला हा प्रश्न कशाला? समजा, नालवाडीतील दोन शेजारी सारख्याच घरांत राहतात. उद्या त्यांनी घरे अदलून एकमेकांस सारखेच भाडे देण्याचे ठरविले, तर एकही वीट न वाढता देशाच्या उत्पन्नात दोन भाडी वाढलेली दिसतील! ही विसंगती टाळण्यासाठी मालक राहात असलेल्या घराचेही भाडे अंदाजाने धरावे लागते. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब बसविण्यासाठी १९४९ साली जी समिती नेमली गेली, तीत महालनोबीस व राव यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते.

किमतीचा प्रश्न निराळ्या कारणासाठी. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली, तेव्हा जमीन, घर, गुरे आणि कर्ज यांची नोंद एकत्र घेतली. तारण काय आणि कर्ज किती, हे शेजारी शेजारी ठेवल्याविना सावकाराचा फास दिसत नाही. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा अवघा ३.१ होता, हे त्या पाहणीने उघड केले. सहकारी कर्जाच्या विस्ताराला मोठे बळ मिळाले ते या आकड्यामुळे.

औद्योगिक कामगारांच्या २०१६ पायाच्या निर्देशांकात घराला १६.८७ वजन देण्यात आले. अन्नाच्या खालोखाल एकट्या घराचेच नाव घ्यावे, एवढे ते मोठे. त्यासाठी निवडलेल्या घरांची भाडी दर सहा महिन्यांनी विचारण्याची पद्धत पडली, आणि नागपूर हे त्यातील एक केंद्र. पायाच्या शंभरावर भाडे दहा टक्के वाढले आणि ते कोणी सांगितलेच नाही, तर निर्देशांक सुमारे १.७ ने खाली राहील. ती तूट भाडे लपविणाऱ्यालाच नव्हे, त्या निर्देशांकावर भत्ता घेणाऱ्या सर्वांना सोसावी लागते.

कराच्या भीतीविषयी दोन शब्द. घरपट्टीची आकारणी ग्रामपंचायत आपल्या वेगळ्या नोंदवहीत करते. जनगणनेची उत्तरे कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत, असे १९४८ च्या कायद्यात स्पष्ट आहे. आणि २००८ च्या सांख्यिकी कायद्यानेही व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. हे बंधन पाळले जाते की नाही यावर डोळा ठेवणे हे संघटनेचे काम आहे, आणि ते आम्ही सोडता कामा नये.

तेव्हा पाहणीचा माणूस आला तर त्याचे ओळखपत्र जरूर पाहा, माहिती कशासाठी हवी तेही विचारा. मग भाडे खरे सांगा. अनामत किती दिली, विजेचे-पाण्याचे पैसे वेगळे जातात काय, पावती मिळते काय, हेही न विचारता सांगा. मालकाचे घर आणि मजुराची खोली यांचा न्याय ज्या कागदावर व्हावयाचा, त्यावर मजुराची बाजू मजुराशिवाय दुसरे कोणी लिहिणार नाही.