पेटीचा स्वतंत्र सूर

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी घ्या किंवा महाराष्ट्रांतील दुसरें कोणतेंही गांव घ्या, भजनाच्या बैठकींत पेटी नाहीं असें दृश्य विरळाच दिसेल. टाळमृदंगाच्या शेजारीं ती अशी ठाण मांडून बसली आहे कीं, ती परदेशांतून आली हें नवख्यास खरेंही वाटूं नये. वस्तुतः पॅरिसच्या देबॅं नामक कारागिरानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें जमिनीवर बसून वाजविण्याजोगी हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यांतून पसरली.

१९४० च्या मार्चांत आकाशवाणीनें या वाद्यास दार बंद केलें. पेटींत मींड निघत नाहीं, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिच्या ठराविक पट्ट्यांत मावत नाहींत, हा मुख्य आक्षेप होता. तो निराधार होता असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. परंतु वाद्याची परीक्षा त्याच्या उणिवांवरून करावयाची कीं वादकाच्या हातावरून, हा खरा प्रश्न आहे.

भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनीं (१८८१–१९५५) पेटीचें स्वतंत्र वादनही रसिकांस ऐकविलें. पी. मधुकर यांच्या पेटीवादनाच्या तबकड्या घरोघर वाजल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या अवकाशांत गायकाचा आधार नसतांनाही पेटी गाऊं शकते, हें श्रोत्यांस कळून चुकलें. १९७१ सालीं बंदी सैल झाली, पण केवळ साथीपुरती. एकलवादनास मुभा नव्हती. म्हणजे सेवकास घरांत घेतलें, परंतु बोलूं दिलें नाहीं!

हें मौन कलावंतांनींच मोडलें. नागपूरच्या मनोहर चिमोट्यांनीं साथ सोडून एकलवादनच पत्करलें. पेटीस स्वरमंडळ जोडलें आणि तिला 'संवादिनी' हें नांव दिलें. गोमंतकांतील बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) मधुकरांचे शिष्य. त्यांनीं साथ आणि स्वतंत्र वादन दोन्हीं सांभाळलीं. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

आमच्या मतें, जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यामागें चालणाऱ्या हातास श्वास कोठें घ्यावा आणि कोठें थांबावें हें ठाऊक असतें. असा वादक जेव्हां एकटा वाजवावयास बसतो, तेव्हां ऐकलेलें सारें गाणें त्याच्या बोटांत उतरतें. मींड नसली तरी मींडेचा भास होतो. तो ज्यानें एकदां ऐकला, तो पेटीला परकी म्हणणार नाहीं.