पॉसमच्या वाटेत आलेला रस्ता

१८९५ साली ऑस्ट्रेलियातल्या वोंबियनच्या गुहांमध्ये रॉबर्ट ब्रूमला एका चिमुकल्या प्राण्याचा जबडा सापडला. प्राणी कधीच नामशेष झालेला, असंच सगळे धरून चालले. १९६६मध्ये तोच प्राणी व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट हॉथॅमवर, स्की करणाऱ्यांच्या लॉजमध्ये जिवंत सापडला! हा माउंटन पिग्मी पॉसम. वजन जेमतेम ४५ ग्रॅम, दिसायला उंदरासारखा. पण पिल्लं वाढवतो कांगारूसारखी, पोटाच्या पिशवीत.

ज्या डोंगरावर तो सापडला, तिथेच स्कीच्या उतारांसाठी जागा मोकळी होत होती आणि मधून रस्ता गेला होता. आता आपल्याला वाटेल, गाड्यांखाली पॉसम चिरडले जात असतील. पण नुकसान वेगळ्याच तऱ्हेने होत होतं. वरच्या दगडधोंड्यांच्या राशींत माद्या राहतात. खाणं आणि आसरा तिथेच सगळ्यात चांगला. समागमाचा हंगाम संपला की नर तिथून खाली निघून जातात. रस्त्याने आणि बोडक्या उतारांनी त्यांची ही वाटच तोडली. नर तिथेच अडकले, माद्यांच्या वाट्याचं खाऊ लागले आणि हिवाळ्यात माद्या जास्त मरू लागल्या.

यावर १९८५मध्ये इयन मॅन्सर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. दगडांचा एक पट्टा रचायचा आणि रस्त्याखालून बोगदे काढायचे. बोगद्यांतही दगडच भरले, कारण हा प्राणी उघड्यावर यायला बिचकतो. नर जाऊ लागले, माद्या जगू लागल्या. लोकांनी त्याला ‘प्रेमाचा बोगदा’ म्हटलं. खरं तर त्याचं निम्मं काम विरहाचं!

माउंट बुलरवरचे पॉसम मात्र हजारो वर्षं बाकीच्यांपासून तुटलेले. तिथवर बोगदा कुठून काढणार? आपसातल्याच संकराने ते खंगत चालले होते. २०११मध्ये हॉथॅमचे सहा नर उचलून तिथे नेले. त्यांची संकरित पिल्लं अंगाने मोठी निघाली, संख्याही सावरली. तिथे दगडांच्या राशीही नव्याने रचल्या गेल्या.

हे सगळं निस्तरलं तोवर बोगाँग पतंगांचा प्रश्न उभा राहिला. वसंतात पॉसमचं मुख्य खाणं हेच. सखल मैदानांतून शेकडो किलोमीटर उडत ते डोंगरावर येतात. मैदानांत दुष्काळ पडला आणि २०१७पासून काही वर्षं पतंग जवळजवळ आलेच नाहीत. कित्येक माद्यांच्या पिशवीतली पिल्लं उपासाने मेली.