फँटमचा वेताळ झाला तेव्हा

कोरियात ह्युंग मिन-वू यांनी 'प्रीस्ट'मध्ये काउबॉयच्या गोष्टीत सैतान घुसवला. आपण मात्र परकी कॉमिक्स नुसती भाषांतरित केली, असं मी प्रबंधात ठोकून दिलं होतं. मग घाटकोपरच्या रद्दीत 'इंद्रजाल कॉमिक्स'चा एक मराठी अंक सापडला. 'टाइम्स ऑफ इंडिया'वाल्यांची ही मालिका १९६४ मध्ये फँटमपासूनच सुरू झाली. ली फॉकचा हा नायक (जन्म १९३६) भूत नाहीच. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो. मराठीत त्याचं नाव ठेवलं वेताळ! म्हणजे भुतांचा राजा, आणि कोकणात गावाची राखण करणारा देवसुद्धा. मूळ नावात हा राखणदार कुठे होता? तेव्हा भाषांतर हाती घेतलंत की आधी पात्रांची नावं बघा. मी सध्या ते अख्खं प्रकरण नव्याने लिहितोय.