दादामियांच्या फिती

इतिहास म्हटला की आपल्याला कागद आठवतो. सनद, फर्मान, बखर, गॅझेटियर. आमचे जाफराबादही अशा कागदांत आहे. पूर्णा आणि केळना यांच्या संगमावरचे गाव, जाफरखानाच्या नावावरून पडलेले नाव, तटबंदी, गढी, मशिदी. पण त्या तटाच्या आत राहणारी माणसे कशी बोलत, हे कोणत्याच कागदाने लिहून ठेवलेले नाही.

आमच्या घरी ते एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. दादामियांनी मागे ठेवलेल्या सात फिती. रीळवाला टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. फिती मात्र दादीमाँने कोणाला हात लावू दिला नाही. ती गेल्यावर ट्रंक आमच्याकडे आली आणि प्रश्न पडला, या वाजवायच्या कशावर?

औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) एका जुन्या रेडिओ कारागिराकडे यंत्र सापडले. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसले, फीत चढवली आणि एकदम दोन आवाज आले. एक सरळ, दुसरा उलटा. आम्हांला वाटले, फीत गेली. कारागीर हसला. फितीची रुंदी पाव इंच. त्यावर कोणी दोन पट्ट्यांत ध्वनी भरतो, कोणी चार. आमच्या फिती चार पट्ट्यांच्या आणि यंत्र दोन पट्ट्यांचे. त्यामुळे त्याला जाताना भरलेला आणि परतीचा, दोन्ही आवाज एकत्र ऐकू येत होते. योग्य यंत्र मुंबईच्या चोरबाजारात मिळाले. सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर या गतीने मोठे रीळ एका बाजूला तासभर चालते.

सातांपैकी दोन फितींना सिरक्याचा वास येत होता. जुन्या फिती ॲसिटेटच्या असत. त्या कुजू लागल्या की असा वास सुटतो. उजेडासमोर रीळ धरले तर ॲसिटेटमधून उजेड आरपार दिसतो. अशी फीत ताणली की काडीसारखी तुटते. नंतरची पॉलिएस्टरची फीत तुटत नाही, पण लांबते आणि आवाज कायमचा वाकडा होतो. आमची एक फीत आमच्याच घाईने तुटली. यंत्र नीट तपासण्याआधी आम्ही ती चढवली होती.

राहिलेल्या फितींत काय होते? मिलादचे पठण, लग्नातला गोंगाट, आणि दादीमाँच्या जात्यावरच्या ओव्या. ओव्या मराठीत. ओवी संपताच पोरांवर ओरडणे दखनीत. मराठी की उर्दू, असा प्रश्न आम्हांला आयुष्यभर विचारला गेला. दादीमाँला तो कधी पडलेला दिसत नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या, म्हणून त्या आज वाचता येतात, काही ऐकताही येतात. आमच्या गल्लीत असे कोणी आले नव्हते. आला होता तो फक्त दादामियांचा टेपरेकॉर्डर.

चौथ्या फितीवर कोणीतरी दादामियांना १९४८ च्या सप्टेंबराबद्दल विचारते. हैदराबाद संस्थान भारतात आले, ते दिवस. घरात त्यावर कोणी बोलत नसे. सुंदरलाल समितीने त्या काळातील हिंसेची पाहणी करून २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला होता. तो अहवाल लोकांपुढे आला २०१३ साली. दादामियां सांगू लागतात. रझाकारांनी आधी काय केले, तेही सांगतात. मग ज्या मराठा शेतकऱ्याच्या खळ्यावर कुटुंब रात्री झोपले, त्याचे नाव घेतात. पुढे आवाज थांबतो. थोड्या वेळाने ते म्हणतात, "बस, अब बंद कर." खटका वाजतो, आणि त्यापुढे दादीमाँची ओवी सुरू होते.

संगणकावर उतरवताना एकाने सुचवले की मधली शांतता कापून टाकू. आम्ही कापली नाही. आकडे अहवालात आहेत. माणूस कुठे थांबला, हे मात्र फक्त फितीवर आहे.

युनेस्कोने २०१९ मध्ये जगाला सावध केले होते की चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत, २०२५ नंतर हे काम फार अवघड होईल. ते वर्षही आले आणि गेले. म्हणून वाचकांना एवढीच विनंती. माळ्यावर, ट्रंकेत रीळ सापडले तर लगेच वाजवू नका. आधी वास घ्या, डब्यावर लिहिलेले उतरवून घ्या, जाणकार शोधा. आवाज उतरवला की त्याच्या प्रती तीन वेगळ्या जागी ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐका. आवाज कोणाचा, हे सांगणारेही आता थोडेच उरले आहेत.