शरीर स्वतःवर उलटतं का? एका वाक्याचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण ‘स्व’ कुठे संपतो आणि ‘पर’ कुठे सुरू होतो हा आमचा जुना प्रश्न विसाव्या शतकात प्रयोगशाळेत गेला, आणि त्याच्या उत्तरावर असंख्य माणसांची बोटं नि मनगटं अवलंबून राहिली. म्हणून हा इतिहास आपण पाहणार आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. सांधे दुखले की आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो. पण म्हातारपणी गुडघ्याची होणारी झीज वेगळी आणि आमवात वेगळा. आमवातात सांध्याचं आतलं अस्तर सुजतं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, तास-तासभर मूठ वळत नाही. बहुधा दोन्ही हातांना सारखाच त्रास होतो, आणि ऐन तिशी-चाळिशीतसुद्धा होतो. पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे यांनी १८०० साली अशा रुग्णांचं वर्णन केलं. लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये या रोगाला ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिलं. नाव मिळालं, पण कारण कळलं नव्हतं.

आता जर्मनीत जाऊ. १९००-०१ च्या सुमारास पॉल एर्लिख शेळ्यांवर प्रयोग करत होते. एका शेळीला दुसऱ्या शेळीचं रक्त टोचलं, की तिच्या शरीरात त्या परक्या रक्तपेशी फोडणारी प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, तयार होत. पण ही प्रतिद्रव्यं तिच्या स्वतःच्या रक्तपेशींना हात लावत नसत. एर्लिख यांनी याला लॅटिन नाव दिलं, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. स्वतःवरच विषप्रयोग होण्याची शरीराला वाटणारी धास्ती, असा त्याचा अर्थ.

इथे जरा थांबा. ‘शरीर स्वतःवर हल्ला होऊ देत नाही’ आणि ‘शरीर स्वतःवर हल्ला करूच शकत नाही’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण तशी ती नाहीत, बरं का! पहिल्या वाक्यात एक बंदोबस्त गृहीत धरलेला आहे, आणि बंदोबस्त म्हटला की तो ढिला पडू शकतो. दुसऱ्यात निव्वळ अशक्यता आहे. एर्लिख यांचं म्हणणं पहिलं होतं. हे अंतर्गत नियमन बिघडलं तर रोग होऊ शकतील, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. पुढच्या पिढीनं मात्र दुसरं वाक्य पाठ केलं.

विरुद्ध पुरावा लगेच आला होता. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडी बाधली की लाल लघवी होणाऱ्या रुग्णांचं रक्त तपासलं. ते आधी गार आणि मग कोमट केलं, की रुग्णाचंच प्रतिद्रव्य रुग्णाच्याच रक्तपेशी फोडत होतं. पण हा अपवाद समजला गेला आणि नियम तसाच राहिला.

याची किंमत रुग्णांनी मोजली. शत्रू आतला असूच शकत नाही म्हटल्यावर तो बाहेरचाच असणार. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी १९१२ च्या सुमारास मांडलं, की दातांच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये दबा धरून बसलेला जंतुसंसर्ग सांधे बिघडवतो. मग काय, सांधे सुजलेल्या माणसांचे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले! दात गेले, पण सांधे सुजायचे थांबले नाहीत.

१९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालर यांना या रुग्णांच्या रक्तात एक चमत्कारिक प्रतिद्रव्य दिसलं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेच पुन्हा सापडलं. ते रुग्णाच्या स्वतःच्याच प्रतिद्रव्यांना चिकटतं, हे पुढे कळलं. आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर ‘आरए फॅक्टर’ असतो ना, तो हाच. (तो आला म्हणजे आमवात झालाच असं नाही, आणि नाही आला म्हणजे सुटलो असंही नाही.) १९४८ मध्येच अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० चं नोबेल मिळालं. दुष्परिणाम नंतर कळले, आणि कारणाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

गढी पडली १९५६ मध्ये. अमेरिकेतल्या बफेलो इथे अर्नेस्ट विटेब्स्की यांच्या हाताखाली नोएल रोझ यांनी सशाच्या थायरॉइडचा तुकडा काढून त्याचा अर्क त्याच सशाला टोचला. सशात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली. विटेब्स्की एर्लिख यांच्या परंपरेतले. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिले. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट आणि डोनिएक यांना माणसाच्या थायरॉइडच्या रोगातही तेच आढळलं. ‘ऑटोइम्यून’ रोग ही कल्पना आता नाकारता येईना. ल्युपस, आमवात यांच्याकडे वैद्यक वेगळ्या नजरेनं पाहू लागलं.

उपचारही बदलले. सांध्यातली सूज पेटती ठेवणारा टीएनएफ हा पदार्थ अडवायचा, ही कल्पना १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रविंदर मैनी यांनी रुग्णांवर तपासली, आणि ती लागू पडली. आज बहुतेकांना आधी मिळतं ते मेथोट्रेक्सेट मात्र जुनं आहे. ते ज्या संशोधन विभागात घडलं, त्याचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच्या भावंडासारखं औषध सांध्यांसाठी १९५१ मध्येच वापरून झालं होतं, पण मोठ्या चाचण्या व्हायला १९८० चं दशक उजाडलं. (ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.)

आणि एर्लिख यांचा तो विसरलेला बंदोबस्त? १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी इतर पेशींना आवर घालणाऱ्या रक्षक पेशी दाखवून दिल्या. २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. म्हणजे स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच शरीरात आहेत. निरोगी माणसात त्यांना आवर घातला जातो, एवढंच.

हे मी मुद्दाम सांगतो. आमवाताचे रुग्ण म्हणतात, ‘माझंच शरीर माझं वैरी झालं’. मग आपण काय पाप केलं याचा शोध सुरू होतो. मंडळी, यात पाप नाही, बंदोबस्तातली चूक आहे. आणि ती लवकर ओळखली तर सांधा वाकडा होण्याआधी वाचवता येतो. तेव्हा घरात कुणाची मूठ सकाळी वळत नसेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या.

आज इथेच थांबू.