मुलाखत आणि कौशल्य : संगणक-व्यवसायातील एक प्रयोग

संगणक-व्यवसायात प्रवेश बहुधा मुलाखतीवाटे होतो. प्रश्नामागील अनुक्त हेतू ओळखणे, नजरेला नजर देऊन बोलणे, स्वतःचे गुण बेताने सांगणे ही सारी संभाषणाची कौशल्ये होत. आज्ञावलीतील दोष हुडकण्याशी त्यांचा संबंध अल्पच. स्वमग्न उमेदवार पुष्कळदा अडतो तो येथेच. तेव्हा उणीव व्यक्तीत मानावयाची की परीक्षेत?

लिओ कॅनर (१९४३) व हान्स आस्पर्गर (१९४४) यांनी स्वमग्नतेची वर्णने केली, ती वैद्यकाच्या दृष्टीने. पुढे १९९८ साली ऑस्ट्रेलियातील जूडी सिंगर यांच्या प्रबंधात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संज्ञा आली. मेंदूच्या घडणीतील भेद म्हणजे केवळ विकृती नव्हे, हा विचार तिच्यामागे होता.

या विचाराला व्यवहारात उतरविणारा एक प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला. स्वमग्न मुलाचे पिता असलेले थोर्किल सोने यांनी २००४ साली ‘स्पेशालिस्टर्ने’ ही संस्था स्थापिली. तेथे उमेदवारास प्रश्न विचारीत बसण्याऐवजी लेगोचे यंत्रमानव जुळवून चालविण्यास देत व त्याची कार्यपद्धती निरखीत. निवडलेल्यांकडे मुख्यतः आज्ञावलींच्या चाचणीचे काम येई. २०१३ साली सॅप या जर्मन कंपनीने या संस्थेशी सहकार्य जाहीर केले. तिच्या भारतातील शाखेतही स्वमग्न परीक्षक नेमले गेले होते.

तथापि या प्रयोगास मर्यादा होतीच. सर्वच स्वमग्न व्यक्ती बारकाव्यात निष्णात असतात, असे नाही. शिवाय थोड्यांसाठी वेगळे दार उघडले, तरी मुख्य दार होते तसेच राहते.

भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या कायद्याने तिला व विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली, आणि अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य फेरबदल करण्याची तरतूद केली. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकास जोडलेली तोंडी परीक्षा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या विद्यार्थ्याची आज्ञावली बिनचूक चालते, त्याचे गुण तो उत्तर देताना अडखळतो म्हणून कमी होत असतील, तर ती परीक्षा संगणकशास्त्राची न राहता संभाषणाची होते.